पहिला चीक

"चव्हाण! दूध आलं का?"

काचेच्या खोलीचं दार अर्धं उघडून कुंभोजकर सिस्टर ओरडल्या, की अख्ख्या वॉर्डानं माझ्याकडं बघायचं, हे ठरलेलंच होतं. मी वाटी पुढं करायची. सिस्टर वाटीत डोकवायच्या, वाटी जरा तिरकी करायच्या आणि परत माझ्या हातात द्यायच्या. बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वाटीच्या बुडाला नुसती ओल असायची. तासन् तास दाबून हातांना गोळे आलेले, छाती लाल झालेली, आणि निघालं काय, तर ओल! माझी आई उशाशी बसून कधी अळिवाची खीर भरवत होती, कधी बाजरीची पेज. मी गिळत होते. सगळं पोटात जात होतं आणि तिथंच राहत होतं.

पोरगी सातव्यातच झाली होती. आमच्या इचलकरंजीच्या डॉक्टरनं हात वर केले, म्हणून कोल्हापूरला आणलं. तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरून मागंच सरले. बाळ कसलं, कातडीतून शिरा दिसणारा एक जीव. नाकात नळी, तोंडात नळी, डोक्यावर कुणाच्या तरी मोज्याची टोपी. सासूबाई काचेतून बघून आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला असं अर्ध्यावर झालं नव्हतं बाई." त्यांना टोमणा मारायचा नसावा. पण मला तो लागला, आणि लागला तो खरा वाटला म्हणूनच लागला. नऊ महिने सांभाळायचं एवढंच तर काम होतं, तेही मला जमलं नव्हतं. आणि आता दूधही जमत नव्हतं.

डॉक्टर शिंत्रे सकाळच्या फेरीला आले, तेव्हा आमच्या ह्यांनी धीर करून विचारलं, "डॉक्टर, डब्याचं दूध आणू का? चांगल्यातलं आणतो."

"तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी उलट विचारलं.

"सायझिंगमध्ये आहे."

"म्हणजे सुताला खळ लावता. कच्चं सूत तसंच मागावर चढवलं तर काय होतं?"

"तटातट तुटतंय की."

"मग झालं तर. हिचं आतडं कच्चं सूत आहे. आईच्या पहिल्या दुधाची त्याला खळ बसली पाहिजे. आणि अगदी रिकामं ठेवलं तर ते काम करायलाच शिकत नाही. म्हणून थेंब थेंब द्यायचं, पण लवकर द्यायचं. डब्याचं दूध या आतड्याला जड जातं. कधी कधी पोट फुगतं, आतडं सडायला लागतं. तशी वेळ आली तर बघू, पण आज नको. आईच्या दुधाची वाट बघू."

एवढं बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं, पण मला वाटलं, सगळी गिरणी माझ्यापाशी येऊन थांबलीय.

शेजारच्या खाटेवर मालन होती. राधानगरीकडच्या कुठल्याशा वाडीतली, माझ्याहून लहान, हातावर गोंदलेलं. घरी चार म्हशी. तिचा मुलगा आठव्यात झालेला, तालुक्याच्या गावी. तिथं त्याचं पोट फुगलं म्हणून इकडं आणलेला. काचेच्या खोलीत माझ्या पोरीच्या शेजारच्याच उबेच्या पेटीत होता. त्याचं तोंड बंद ठेवलं होतं. म्हणजे दूध नाही, पाणी नाही, सगळं सलाईनवर. आणि मालनच्या अंगावर दुधाचा नुसता पूर! चोळी भिजायची, पदर भिजायचा. सिस्टरनी तिला सांगितलेलं, दाबून काढत राहा, नाहीतर आटेल, पोराला लागेल तेव्हा कुठून आणशील? ती काढायची, वाटी भरायची आणि ती घेऊन मोरीकडं जायची. परत येताना वाटी रिकामी असायची.

दोन-तीनदा तिला जाताना बघितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच्या वाटीकडं डोळा लावून बसायची वेळ आली होती माझ्यावर.

त्या दुपारी सिस्टर माझी ओली वाटी परत देऊन गेल्या आणि मालन खाटेवरून उतरली. तिच्या हातात स्टीलची वाटी, वर बशी झाकलेली.

"ताई, हे चालंल का इचार तुज्या पोरीला."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. "अगं, तुझ्या बाळाला?"

"त्येचं बंद हाय न्हवं. इचार तर खरं."

आई उठून धावतच सिस्टरकडं गेली. सिस्टरनी डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी मालनचे रक्ताचे कागद मागवून बघितले, तिच्या नवऱ्याला विचारलं, आम्हाला विचारलं. दुधाची बँक वगैरे तेव्हा आमच्या भागात कुणी ऐकलीसुद्धा नव्हती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "द्या. पण हिनंही काढायचं थांबवायचं नाही." सिस्टरनी बारक्या सिरिंजमध्ये थोडंसं ओढून घेतलं आणि काचेपलीकडं नळीतून ते हळूहळू खाली उतरताना मी बघितलं. पांढरी एक रेघ. तिच्या पोटात गेली. पोट फुगलं नाही. पुढच्या वेळेलाही नाही.

मी मालनचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. "तुझे उपकार कसे फेडू गं?"

"उपकार कसलं? जातंच हाय ते," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

मालनची सासू बाहेर व्हरांड्यात पथारी टाकून असायची. आत्ती म्हणायचे सगळे तिला. चांगली धिप्पाड बाई, बोलणं खणखणीत. तिला हे पसंत नव्हतं. "दिवेलागणीच्या वक्ताला घरातलं दूध भाईर देऊ नये मालन, पोराच्या जिवाला बरं न्हवं," ती दारातून म्हणायची. मालन ऐकून घ्यायची आणि दिवे लागले तरी वाटी घेऊन यायचीच. एकदा तर आत्तीच्या देखत आली. आत्तीनं तोंड फिरवलं. मला वाटलं, ह्या दोघींत काहीतरी आहे. पण मी विचारलं नाही. विचारायला गेले आणि दूध थांबलं तर? मी कशातच पडले नाही. वाटी घ्यायची, हात जोडायचे, बस्स.

खोटं कशाला बोलू, मी त्याच्या पुढंही गेले होते. डॉक्टरांची फेरी झाली की माझे कान आधी शेजारच्या पेटीकडं लागायचे. "अजून बंदच ठेवू" असं डॉक्टर म्हणाले, की माझ्या जिवाला बरं वाटायचं. मग लगेच स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. मग परत बरं वाटायचं. तिच्या लेकराचं तोंड बंद होतं म्हणून माझ्या लेकराचं चालू होतं. सरळ हिशोब होता आणि तो मला कळत होता.

पोरगी दूध पचवायला लागली. सिस्टर दर वेळेला दोन थेंब वाढवत होत्या. आणि मग एका सकाळी डॉक्टर शिंत्रे मालनच्या खाटेपाशी थांबले, चक्क हसले.

"पोट उतरलंय मुलाचं. आजचा दिवस बघू. उद्या सकाळपासून त्यालाही थेंब सुरू करू. तुमचं दूध आता राखून ठेवा हं."

मालननं दोन्ही हात तोंडावर ठेवले. आत्ती दारातच उभी होती, ती तिथूनच "जोतिबा, जोतिबा" करायला लागली. माझ्या आईनं उठून मालनच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सगळ्या वॉर्डाला आनंद झाला.

मला उद्याची रिकामी वाटी दिसली.

उद्या! उद्यापासून माझ्या पोरीनं काय प्यायचं? मालन किती पुरवणार? पुरवलं तरी आत्ती देऊ देईल का? तिचं पोर वाचतंय आणि मी बसून थेंब मोजतेय! मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी तोंडावर आणायचा प्रयत्नही केला असेल, आठवत नाही. एवढं आठवतं, की आई मला म्हणाली, "हसून काहीतरी बोल गं तिच्याशी," आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून मान फिरवली.

संध्याकाळी मालन नेहमीप्रमाणं वाटी घेऊन आली. वाटी हातात देताना जरा थांबली, असं मला वाटलं. मग म्हणाली, "आज तुजं. उद्यापास्नं दोगांचं." ती हसली, तेव्हा मी पहिल्यांदा तिचे दात बघितले. मी नुसतं "हं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी आंघोळीच्या खोलीत होते. गरम पाण्यानं शेकत, सवयीनं दाबत. आणि बोटाला चिकट काहीतरी लागलं. पिवळं, दाट. आधी वाटलं पू झाला. मग आणखी आलं. वाटी आणायला पळाले, तशीच, केसांतून पाणी गळत. वाटीत थेंब पडले, आणखी पडले, बूड झाकलं गेलं. मी तिथंच खाली बसून मोठ्यानं रडले. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, "काय झालं हो?" मी ओरडले, "दूध झालं, दूध!"

माझ्या डोक्यात पहिला विचार पोरीचा आला आणि दुसरा मालनचा. सुटले बाई, असं झालं. आता तिला सांगता येईल, तुझं सगळं तुझ्या बाळाला ठेव. कालचं माझं ते काळं मन आता कुणाला कळायचं कारण नाही.

वॉर्डात आले तर मालन काचेच्या खोलीच्या दारात उभी होती. हातात वाटी, वर बशी. कुंभोजकर सिस्टर दारातच होत्या. त्यांनी वाटी घेतली. आज त्या ओरडल्या नाहीत, डोकावल्या नाहीत. माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत गेल्या. मला त्याचं काही वाटलं नाही, मी माझ्याच आनंदात होते. मालनचं झालं की माझं पुढच्या वेळेला देऊ, असं म्हणत मी वाटी पदराखाली धरली. काचेतून दिसलं, सिस्टर पोरीच्या नळीत दूध सोडत होत्या. पांढरी रेघ खाली उतरत होती. मालन काचेला कपाळ लावून बघत होती.

मी मागून जाऊन तिचा दंड धरला.

"मालन, बघ! माझं आलं! आता तुझं सगळं तुझ्या बाळाला. एक थेंब मागणार नाही मी. आज त्याचा पहिला घास ना?"

तिनं मान वळवली नाही.

"त्येला नको आता," ती म्हणाली.

"का? परत फुगलं का पोट?"

"फुटलं म्हनं आतडं. उजाडताना गेला. मला बलावून मांडीवर दिला हुता सिस्टरनं."

मी काचेतून शेजारच्या पेटीकडं बघितलं. पेटी पुसून उघडी ठेवली होती. माझ्या हातातली वाटी कलली असावी, कारण मालननंच ती सरळ धरली. "सांडशील," म्हणाली.

व्हरांड्यातून आत्तीचं रडणं ऐकू यायला लागलं, तेव्हा कळलं की ते आधीपासूनच चालू होतं. मी आंघोळीच्या खोलीत ओरडत होते तेव्हाही चालू असणार.

"आणि तू आत्ता... हे दूध..." मी कसंबसं म्हटलं.

"तिची येळ झालती न्हवं."

ती बाकावर बसली. मीही बसले. तिनं माझ्या वाटीत बघितलं. पिवळं दाट दूध बघून तिचा चेहरा पहिल्यांदा हलला.

"असंच हुतं माजं," ती म्हणाली. "बाळंत झालो त्या दिवशी. असंच पिवळं. आत्ती म्हनली, ह्यो चीक हाय, नासकं असतंय, पोराला बाधंल. पिळून टाक, चांगलं पांढरं आलं की पाज. दोन दिस पिळून मोरीत वतलं मी. माज्या हातानं. आनि त्येला डब्याचं कालवून पाजलं, वाटी वाटी. पोट भरूदे म्हनून. हितं आल्यावर सिस्टर म्हनली, पहिला चीक तरी मिळाला का ह्येला? मी व्हय म्हनलं. खोटं बोललो."

"तुला काय माहीत गं? सासू म्हणाली तसं केलंस तू."

"म्हायती हुतं!" ती एकदम म्हणाली. व्हरांड्यातलं रडणं थांबण्याइतक्या मोठ्यानं. मग आवाज उतरला. "म्हस व्याली की रेडकाला पहिल्यांदा चीक पाजतोच न्हवं आमी? धार काडायच्या आदी. न्हाई पाजला तर रेडकू हागवणीनं मरतंय, ल्हान पोराला बी म्हायती हाय आमच्या वाडीत. मी सवता पाजती. रेडकाच्या तोंडात सड धरून पाजती. आनि माज्या पोराचं मोरीत वतलं. सांग की, म्हायती न्हवतं व्हय मला?"

मी तिचा हात धरला. डॉक्टर म्हणतात, अशी पोरं मूळचीच कच्ची असतात, चीक पाजूनही जातात, असं काहीतरी मी बोलत राहिले. खरंच होतं ते. डॉक्टरांनी नंतर तिलाही तसंच सांगितलं. पण तिच्या कानात शिरत नव्हतं, आणि मीही ते तिच्यासाठी बोलत होते की माझ्यासाठी, देव जाणे. कारण माझ्या डोक्यात कालची सकाळ बसली होती. काल मी थेंब मोजले, आणि आज पेटी उघडी. अशानं काही होत नसतं, हे मलाही कळतं. पण त्या बाकावर बसून मला ते कळत नव्हतं.

"मालन, काल डॉक्टर म्हणाले ना, उद्यापासून त्याला देऊ, तेव्हा मी..."

"म्हायती हाय," ती म्हणाली. "बगितलं मी. सगळी हसत हुती आनि तुजं त्वांड पडलं."

मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"तरी संध्याकाळी आणून दिलंस?"

"हात आकडला हुता माजा. न्हाई म्हनत न्हाई. मग म्हनलं, पोरीनं काय केलंय?"

"आणि आज?"

तिच्या चोळीचा पुढचा भाग ओला होत होता, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"त्यो गेला ते दुधाला कुठं ठावं हाय? आलंच. वाटी भरली, आनि मला मोरी दिसली. म्हनलं, न्हाई. आता परत न्हाई वतायची मी." मग तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुला न्हाई दिलं ताई ते. तुज्यावर राग हाय मला. पोरीला दिलं."

दुपारच्या आत ते लोक गेले. तिच्या नवऱ्यानं गाठोडं छातीशी धरलं होतं, आत्तीला दोघांनी दोन बाजूंनी सावरलं होतं, आणि मालन सगळ्यांच्या मागून एकटीच चालत होती. माझी आई तिच्यापाठोपाठ जिन्यापर्यंत गेली. मी गेले नाही. माझ्या पोरीची दुधाची वेळ झाली होती, असं मी आईला सांगितलं. ते खरंच होतं. पण दहा मिनिटं सिस्टर थांबल्या असत्या.

पोरगी वाचली. पहिली पावलं टाकली, तेव्हा हे म्हणाले, चल, राधानगरीला जाऊन येऊ, त्या बाईला दाखवू, आनंद होईल तिला. साडी-चोळी घेतली, पेढे घेतले. फाट्यावर उतरलो. वाडीकडं जाणारा रस्ता विचारलाही. आणि पोरीला कडेवर घेतल्यावर माझे पायच उचलेनात. बघ गं, तुझ्या दुधावर किती छान वाढलीय, असं त्या बाईच्या दारात उभं राहून कुठल्या तोंडानं म्हणू? हे चिडले, समजूत घातली, परत चिडले. शेवटी आलेल्या एस्टीनं आम्ही मागं फिरलो. पेढे गाडीतल्या माणसांना वाटले.

परवा पोरगी सासरहून आली होती. तिला दिवस गेलेत. तिला हे कधीतरी सांगायलाच पाहिजे होतं, म्हणून सगळं सांगितलं, माझं तोंड पडलं होतं तेसुद्धा. ती ऐकून घेत होती. रागावली नाही, रडलीही नाही. मग तिनं एकच विचारलं.

"आई, तिला नंतर मूल झालं का गं?"

मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत मी तेवढंसुद्धा विचारलं नव्हतं.